वचनांचा तराजू : बन्यन, कूपर आणि विषादातले शास्त्रवाचन



आजचा विषय नाजूक आहे. ख्रिस्ती श्रद्धेने आणि पवित्र शास्त्रात बुडून जाण्याने माणूस विषादातून बाहेर येतो का, हा प्रश्न आज आपण घेणार आहोत. नाजूक अशासाठी, की ऐकणाऱ्यांपैकी काही जण या घडीला त्या काळोखात असतील, काहींच्या घरात तसं माणूस असेल. त्यामुळे इथे शब्द सैल सोडून चालत नाही.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याला सगळीकडे ऐकू येतात. एक म्हणते, वचन वाचा, गुडघे टेका, विश्वास खरा असेल तर विषाद उरणारच नाही. दुसरे म्हणते, हा आजार आहे, त्यात धर्मग्रंथाचे काय काम? उलट पापाची भाषा आधीच खचलेल्या माणसाला आणखी खचवते. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून जाते. विषादात सापडलेला माणूस शास्त्र वाचतो म्हणजे नेमके काय करतो, हे कोणी पाहत नाही. पुस्तक तेच, पण वाचणे एकच असते का? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे सवय अशी की दावा ऐकला की साक्षीदार कोण, हे आधी विचारायचे. आज आपण दोन साक्षीदार बोलावू. दोघे इंग्रज, दोघे लेखक, दोघांनी आपला विषाद स्वतः लिहून ठेवला, आणि दोघांच्या हातात एकच बायबल होते. एकाचे नाव जॉन बन्यन, दुसऱ्याचे विल्यम कूपर.

त्याआधी शब्दांची थोडी साफसफाई करू. आपल्याकडे भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायालाच विषादयोग म्हणतात, त्यामुळे हा शब्द आपल्याला परका नाही. ख्रिस्ती परंपरेतही या अवस्थेचे बारीक भेद फार पूर्वी केले गेले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यात दुःख वेगळे धरले आणि 'अकेडिया' वेगळी. अकेडिया म्हणजे भर दुपारी येणारा तो जडपणा, ज्यात सूर्य पुढे सरकत नाही, काम नकोसे होते, जागा नकोशी होते. गंमत अशी, की याच इव्हाग्रियसने एक पुस्तिका केली. कोणता विचार मनात आला तर शास्त्रातले कोणते वचन त्याला उलट उत्तर म्हणून बोलायचे, याची ती आठ भागांची यादी आहे. म्हणजे विषादाला वचनाने उत्तर द्यायची कल्पना सोळाशे वर्षांहून जुनी आहे.

पुढे १८४९ मध्ये डेन्मार्कच्या किर्केगार्डने 'मरणान्तक व्याधी' या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. त्याची निराशा म्हणजे मनाची उदासी नव्हे; माणसाने आपण जे आहोत ते होण्याला दिलेला नकार, ही त्याची निराशा. ती हसऱ्या, यशस्वी माणसातही असू शकते. हा भेद लक्षात ठेवू. आजार म्हणून येणारा विषाद वेगळा, आणि आत्म्याची निराशा वेगळी. दोन्ही एका माणसात एकत्र येऊ शकतात, पण एक म्हणजे दुसरी नव्हे. आणखी एक सावधगिरी. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या निदानाचे लेबल चिकटवणे आपण टाळू. त्यांनी जे लिहिले, तेवढेच पाहू.

आता बन्यन. जन्म १६२८, बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी. धंदा भांडी सांधण्याचा, म्हणजे दारोदार फिरून भांड्यांना डाग द्यायचा. शिक्षण जेमतेम. परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून १६६० मध्ये पकडला गेला आणि बारा वर्षे तुरुंगात राहिला. त्या तुरुंगात असताना १६६६ मध्ये त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. इंग्रजीत त्याला थोडक्यात 'ग्रेस अबाउंडिंग' म्हणतात. विपुल कृपा, असा त्या नावाचा भाव. आज आपण मुख्यतः या पुस्तकाची परीक्षा करणार आहोत.

या पुस्तकात त्याच्या मनाचा स्वभाव दाखवणारा एक प्रसंग आहे. बन्यनला देवळातली घंटा वाजवायचा नाद होता. पुढे हा छंद पापी वाटू लागला म्हणून त्याने तो सोडला, पण बघायला जायचा. मग मनात आले, घंटाच डोक्यावर पडली तर? म्हणून तो तुळईखाली उभा राहू लागला. मग वाटले, घंटा पडून भिंतीवर आपटून उसळली तर? म्हणून मनोऱ्याच्या दारात उभा राहू लागला. मग वाटले, मनोराच कोसळला तर? शेवटी पळच काढला. पाहा, इथे धर्मशास्त्राचा वाद कुठेच नाही. एक शंका मिटवावी तर तिच्या पोटातून दुसरी निघते, असे हे मन आहे. हेच मन पुढे बायबल उघडून बसले. मग काय होणार?

झाले ते असे. त्याच्या मनात एक वाक्य घुमू लागले, ख्रिस्ताला विकून टाक. जेवताना, काम करताना, निजताना तेच. तो नाही नाही म्हणत राहिला. एका सकाळी अंथरुणात असताना थकून त्याच्या मनाने म्हटले, जायचे तर जाऊ दे त्याला. संपले! झाडाच्या शेंड्यावरून गोळी लागून पडणाऱ्या पक्ष्यासारखे आपण कोसळलो, असे तो सांगतो. आणि लगेच एक शास्त्रवचन त्याच्यावर येऊन बसले. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायातला एसाव, ज्याने एका जेवणासाठी ज्येष्ठत्वाचा हक्क विकला आणि मग रडूनही त्याला तो परत मिळाला नाही. बन्यन म्हणाला, हा मीच. पुढे दोनेक वर्षे तो या एका वचनाखाली दबून होता.

इथे थांबू. वचन वाचा म्हणजे बरे वाटेल, असे सांगणाऱ्यांनी हा भाग नीट वाचला पाहिजे. बन्यन वचन वाचतच होता. त्याला पाडले ते वचनानेच. शास्त्रात बुडालेला माणूस शास्त्रातच गुदमरत होता. विषाद हा नुसता भाव नसतो बरं का, तो वाचकही असतो. समोर हजार ओळी असल्या तरी तो नेमकी आपल्याला दोषी ठरवणारी ओळ शोधतो, तिला आजूबाजूच्या मजकुरापासून तोडतो आणि स्वतःच्या नावाने निकालपत्र म्हणून वाचतो.

मग तो बाहेर कसा आला? रूढ सांगणे असे, की एक सांत्वनाचे वचन आले आणि काळोख फिटला. पुस्तकात मात्र हे इतके सरळ नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले, पौलाला मिळालेले, कृपा पुरेशी असल्याचे वचन त्याला आठवले. पण आधी अर्धेच! कृपा पुरेशी आहे एवढे ऐकू येई. 'तुला' हा शब्द काही येईना. कितीतरी दिवस तो त्या एका शब्दासाठी प्रार्थना करत राहिला. एकीकडे एसाव, एकीकडे कृपा. तराजूच्या पारड्यांसारखी ही दोन वचने त्याच्या मनात वरखाली होत राहिली. पुढे एका सभेत बसला असताना ते वचन पूर्ण आले, त्या 'तुला'सकट.

पण आमच्या मते पुस्तकातला खरा कलाटणीचा भाग याच्या नंतरचा आहे. वाचक बहुधा तिथून घाईने पुढे जातात. थोडे बळ आल्यावर बन्यनने ठरवले की ज्या वचनांची भीती वाटते, ती जवळ जाऊन बघायची. इब्री पत्रातले सहावा, दहावा आणि बारावा हे तीन अध्याय त्याने पुढे घेतले. नीट वाचले. कोणत्या माणसाबद्दल लिहिले आहे, त्याने काय केले होते, जाणूनबुजून केले होते की थकून, मनातल्या मनात की चारचौघांत जाहीरपणे, हे तपासले. एसावाच्या वचनात काय मागितले गेले आणि काय नाकारले गेले, हे पाहिले. आणि त्याच्या लक्षात आले, की हे वचन आपल्याबद्दल नाही. त्यांचा चेहराच बदललेला दिसला, असे तो म्हणतो. भांडी सांधणाऱ्या या माणसाने कोणत्याही विद्यापीठात न जाता जे केले, त्याला आपण संदर्भासह वाचन म्हणतो. भावनेच्या भरात आलेल्या सांत्वनाला वाचनाने पाया दिला.

आणखी एक प्रसंग आहे. एकदा त्याच्या मनात धीराचे एक वाक्य उतरले. आजवर देवावर भरवसा ठेवून फजीत झालेला कोणी पाहिलास का, या अर्थाचे. त्याला वाटले, हे बायबलात कुठेतरी आहे. एक वर्षाहून अधिक काळ तो शोधत होता. ज्याला त्याला विचारले, कोणाला सांगता येईना. शेवटी सापडले ते अपोक्रिफात, म्हणजे प्रॉटेस्टंट लोक ज्याला प्रमाण शास्त्र मानत नाहीत त्या भागात! आधी तो चपापला. मग म्हणाला, वाक्य त्या पुस्तकात असले तरी त्याचा आशय साऱ्या शास्त्रात पसरलेला आहे, तेव्हा ते घ्यायला हरकत नाही. किती मोठी मजल आहे ही! एका एका वचनाला फासासारखे धरणारा हाच माणूस इथे पुस्तकाचा एकूण सूर ओळखतो.

आता या पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर टीका कसली? बन्यनच्या हाती वचने फार वेळा दगडांसारखी वरून पडतात. कोणते कधी पडेल याला नेम नाही, आणि पडले की तो त्याला ईश्वराचा शब्द मानतो. ज्याच्या मनात भयाची वचने पडतील, त्याने काय करायचे, याला या पद्धतीत उत्तर नाही. दुसरा दोष असा, की या पुस्तकात माणसे फार थोडी दिसतात. पण जेव्हा दिसतात, तेव्हा फार महत्त्वाच्या वेळी दिसतात. बेडफर्डमध्ये एका दारापाशी उन्हात बसून तीन-चार गरीब बायका देवाविषयी बोलत होत्या. बोलण्यात आनंद होता. बन्यन जवळ जाऊन ऐकत उभा राहिला, आणि तिथून त्याची वाट सुरू झाली. त्यांनीच त्याला त्यांच्या पाळकापर्यंत, जॉन गिफर्डपर्यंत पोचवले. पुढे ल्यूथरचे गलतीकरांस पत्रावरचे जुने, पाने सुटत आलेले भाष्य त्याच्या हाती आले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने जणू आपल्याच मनातून हे लिहिले आहे, असे त्याला वाटले. आपण एकटे नाही, हे कळले. वचनाच्या आधी माणसे होती, हे आत्मकथनकाराने ठळक केले नाही. टीकाकाराने करायला हवे.

आणि तो पूर्ण बरा झाला का? पुस्तकाच्या शेवटी तो आपल्या हृदयात अजून उरलेल्या सात घाणेरड्या गोष्टी मोजून दाखवतो, आणि त्यात अविश्वास पहिला आहे. म्हणजे काळोख कायमचा गेला, असा त्याचा दावाच नाही. या प्रामाणिकपणामुळे पुस्तक टिकले.

आता दुसरा साक्षीदार. विल्यम कूपर, जन्म १७३१. सहा वर्षांचा होण्याआधीच आई गेली. वकिलीचे शिक्षण झाले. १७६३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात कारकुनी मिळण्याचा योग आला, पण त्यासाठी सभागृहापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागणार होती. त्या भीतीने तो पार कोसळला. जीव देण्याचा प्रयत्न झाला. त्याला सेंट ऑल्बन्स येथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या रुग्णालयात ठेवले. १७६४ च्या जुलैमध्ये तिथे खिडकीजवळ बसून त्याने बायबल उघडले, रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले पंचविसावे वचन वाचले, आणि त्या क्षणी आपल्याला क्षमा मिळाली याची त्याला खात्री पटली. आनंदाने डोळे भरून आले. हे त्याने स्वतः लिहून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर १८१६ मध्ये ते छापले गेले.

तुम्ही म्हणाल, हे तर बन्यनपेक्षाही स्वच्छ उदाहरण झाले. एक वचन, एक क्षण, आणि मुक्ती. बरोबर. इथेच गोष्ट थांबवली असती तर कोणत्याही व्यासपीठावर साक्ष म्हणून सांगता आली असती. पण गोष्ट थांबत नाही. कूपर ओल्नी गावी आला. तिथले पाळक जॉन न्यूटन त्याचे जिवलग मित्र झाले. दोघांनी मिळून गीते लिहिली. १७७९ मध्ये निघालेल्या 'ओल्नी हिम्स' या संग्रहातली साठहून अधिक गीते कूपरची आहेत आणि त्यातली काही आजही जगभर गायली जातात. पण त्या संग्रहाच्या सहा वर्षे आधी, १७७३ च्या सुरुवातीला, तो पुन्हा कोसळला होता. एका स्वप्नात त्याने ऐकले की आता तुझे सारे संपले, तुझा नाश झाला. पुढे त्याच्या मनाने असे घेतले, की देवाने आपल्याला स्वतःचा बळी द्यायला सांगितले होते, अब्राहामाला इसहाकाचा द्यायला सांगितले तसे, आणि आपण ते करू शकलो नाही. म्हणून आपण कायमचे टाकले गेलो. मानवजातीत इतर सर्वांना क्षमा आहे, अपवाद फक्त आपला. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला. या समजुतीतून तो पुरता सुटला असे दिसत नाही. १७९९ मध्ये लिहिलेल्या त्याच्या अखेरच्या इंग्रजी कवितेत समुद्रात जहाजावरून पडलेला आणि मदत न मिळालेला खलाशी आहे, आणि कवी म्हणतो की मी त्याहून खोल बुडालो. २५ एप्रिल १८०० रोजी तो वारला.

आता सांगा. बन्यनची श्रद्धा खरी आणि कूपरची खोटी, असे म्हणायचे का? ज्याची गीते गाऊन पिढ्यान् पिढ्या लोकांनी दुःखात धीर धरला, त्याच्या विश्वासात खोट होती म्हणायची? आमची जीभ धजत नाही, आणि तर्कही धजत नाही. 'विश्वास असेल तर विषाद जातो' हा नियम खरा असेल, तर विषाद गेला नाही म्हणजे विश्वास नव्हता, हे त्याच्या पाठोपाठ येणारच. नियम मांडणाऱ्याला हे शेवटचे वाक्य उच्चारायचे नसते. पण ऐकणारा आजारी माणूस ते रात्री एकट्याने उच्चारतो. तिथे खरी हानी होते.

उलट बाजूचाही हिशेब चुकता करू. कूपरला धर्माने वेडे केले, न्यूटनच्या कडक शिकवणुकीने त्याचा घात केला, असा आरोप पुष्कळ वर्षे होत आला. तारखा पाहा. पहिला मोठा आघात १७६३ चा, न्यूटनची भेट त्यानंतरची. शिवाय १७७३ च्या आजारात कूपर न्यूटनच्या घरी वर्षाहून अधिक काळ राहिला आणि त्या कुटुंबाने त्याला सांभाळले. आजाराने धर्माची भाषा उचलली, एवढेच म्हणता येते. दुसऱ्या काळात, दुसऱ्या घरात त्याने दुसरी भाषा उचलली असती.

मग दोघांत फरक काय? एक तर आजाराची तीव्रता सारखी नसावी, आणि याचे श्रेय किंवा दोष कोणाकडेच जात नाही. पण वाचनाच्या बाजूनेही एक फरक दिसतो. बन्यनचा भयानक निकाल शास्त्रातल्या वचनावर उभा होता, म्हणून शास्त्र उघडून तो तपासता आला. वचनाला वचन भिडले. कूपरचा निकाल शेवटी स्वप्नावर उभा होता. त्याच्या समजुतीप्रमाणे तो निकाल शास्त्राच्या बाहेर, फक्त त्याच्यासाठी दिला गेला होता. त्यामुळे साऱ्या शास्त्रातली सारी आश्वासने एकत्र आणली तरी ती 'इतरांसाठी' ठरत. न्यूटनने काय सांगायचे? प्रत्येक वचनाला कूपरपाशी उत्तर तयार, की मी अपवाद. ज्या ठिकाणी युक्तिवाद आत शिरूच शकत नाही, त्या ठिकाणी आणखी युक्तिवाद ओतणे म्हणजे तहानलेल्याच्या बंद दारावर पाणी मारणे.

आणि तरीही कूपर सत्तावीस वर्षे जगला, हे विसरू नका. नुसता जगला नाही. 'जॉन गिल्पिन'सारखी हसवणारी कविता लिहिली, १७८५ मध्ये 'द टास्क' हे मोठे काव्य दिले, होमरचे भाषांतर पुरे केले. कशाच्या बळावर? मेरी अन्विन नावाच्या स्त्रीने त्याला दीर्घकाळ घरच्यासारखे सांभाळले. त्याने ससे पाळले, बाग केली, सुतारकाम केले. स्नेह्यांनी कवितेला विषय सुचवले. देवाने आपल्याला टाकले असे मानणाऱ्या माणसाला माणसांनी टाकले नाही. श्रद्धेची भाषा त्याच्या कानात पोचत नव्हती, तेव्हा ती भाषा हातांनी बोलली गेली.

आता शास्त्राकडेच वळू, कारण शास्त्र स्वतः या विषयावर काय करते हे पाहिले म्हणजे आपल्या अनेक उपदेशांची लाज वाटते. राजे या ग्रंथाच्या पहिल्या भागातला एकोणिसावा अध्याय घ्या. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आहे. एका झाडाखाली बसून तो मरण मागतो. देवदूत येतो. काय करतो तो? वचन ऐकवत नाही. विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. झोपलेल्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा तेच करतो, आणि वाट तुला झेपणारी नाही, हे मान्य करतो. मग चाळीस दिवसांची चाल. देवाशी बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर. आणि त्या बोलण्याच्या शेवटी त्याला काम मिळते आणि सोबती मिळतो, अलीशा. झोप, अन्न, चालणे, शांतपणे ऐकून घेणारा कोणी, काम, सोबत. हा क्रम शास्त्राचा आहे, कुणा आधुनिक दवाखान्याचा नव्हे.

दुसरे उदाहरण स्तोत्रसंहितेचे. बेचाळीस आणि त्रेचाळीस या स्तोत्रांत गाणारा आपल्याच जिवाला तीन वेळा विचारतो, की तू असा खचलास का. तीन वेळा! म्हणजे पहिल्यांदा विचारून भागले नाही. आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पाहा. इतर बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीने संपतात. हे वळत नाही. ते काळोखाच्या शब्दावर संपते. हे स्तोत्र कोणी गाळले नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. आपल्या संतांचे करुणापर अभंग ज्यांच्या कानावरून गेले आहेत, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. देवाशी भांडणे हाही देवाशी बोलण्याचाच प्रकार आहे. शास्त्रात बुडणे याचा आमच्या लेखी हा पहिला अर्थ. आपल्याला बोलता येत नाही त्या वेळी आपल्या वतीने आधीच कोणीतरी बोलून ठेवले आहे, त्या शब्दांत स्वतःला ठेवणे. निकाल म्हणून वाचलेले वचन माणसाला एकटे पाडते, विलाप म्हणून वाचलेले वचन त्याला सोबत देते.

तत्त्वज्ञानाच्या बाजूने एक साक्ष जोडतो आणि मग समारोप. विल्यम जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरोला दिलेली व्याख्याने १९०२ मध्ये धर्मानुभवाच्या विविध प्रकारांवरचा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात 'आजारी आत्मा' या प्रकरणात बन्यन आहे, टॉलस्टॉय आहे, आणि एका अनाम फ्रेंच माणसाचे पत्र आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्याला अचानक स्वतःच्या अस्तित्वाचे भय वाटले. शास्त्रातल्या दोन-तीन वचनांना धरून राहिलो नसतो तर खरोखर वेडा झालो असतो, असे तो सांगतो. पुढे उघड झाले, की तो फ्रेंच माणूस म्हणजे स्वतः जेम्सच. रूढ अर्थाने तो चर्चनिष्ठ नव्हता. तरी वचनाने त्याला त्या रात्री धरले.

कोणी विचारेल, मग ही आत्मसूचनाच झाली ना? मनाला आलेला आधार वचनाच्या सत्यतेचा पुरावा होतो का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. होत नाही. मंत्राने, संगीताने, मित्राच्या आवाजानेही आधार येतो. पण हेच उलटेही लागू आहे, हे लोक विसरतात. आधार आला नाही, हा वचन खोटे असल्याचा किंवा वाचणारा खोटा असल्याचा पुरावा नाही. बरे होणे ही श्रद्धेची परीक्षा धरली, तर कूपर नापास होतो. ज्या श्रद्धेच्या मध्यभागी क्रूसावर टाकला गेलेला, टाकल्याचा आक्रोश करणारा एक माणूस आहे, तिला ही परीक्षा मान्यच करता येणार नाही. तिचे सांगणे वेगळे आहे : तू बरा झालास तरच तुझा, असे नाही.

म्हणून व्यवहाराचे थोडे बोलू. घरात कोणी खचले असेल, तर आधी झोप, जेवण, डॉक्टर. औषध घेणे हा अविश्वास नाही. कूपरला वचन भेटले ते डॉक्टरच्या छपराखाली, काही महिन्यांच्या शुश्रूषेनंतर. मरणाचे विचार येत असतील तर एक रात्रही एकट्याने काढू नका. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. शास्त्र वाचायचे तर एकट्याने एकेक वचन खणत बसू नका, पूर्ण अध्याय वाचा, मोठ्याने वाचा, कोणीतरी शेजारी बसून वाचू द्या. आणि ऐकवणाऱ्यांनी वचन औषधाच्या चिठ्ठीसारखे हातात कोंबू नये.

बन्यनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा पहिला भाग १६७८ चा. हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून तो मराठीत आणला, त्यामुळे ते पुस्तक आपल्याकडेही जुने आहे. त्यात निराशा नावाचा राक्षस दोन यात्रेकरूंना संशयाच्या किल्ल्यात बुधवारपासून शनिवारपर्यंत कोंडतो, मारतो आणि जीव द्या म्हणून सल्ला देतो. शनिवारच्या रात्री प्रार्थनेनंतर एकाला आठवते, की वचन नावाची किल्ली आपल्या छातीशीच आहे. तिने दारे उघडतात. उपदेशक नेहमी या किल्लीबद्दल बोलतात. पण बुधवार ते शनिवार? त्या दिवसांत किल्ली आठवलीच नव्हती. तेवढे दिवस त्याला जगवले ते सोबत्याने. त्या सोबत्याचे नाव आशावंत. तो म्हणत राहिला, की थोडा धीर धरू.

१६८४ च्या दुसऱ्या भागात बन्यनने राक्षस मारला आणि किल्ला पाडला. आत त्याला एक खचलेला म्हातारा आणि त्याची भित्री मुलगी सापडली. ती दोघे नंतर धीट झाली नाहीत. खचलेली आणि भित्री म्हणूनच इतरांच्या सोबतीने चालत राहिली. शेवटच्या नदीपाशी आल्यावर मुलगी गात पाण्यात उतरली. काय गात होती, हे काठावरच्या कोणाला कळले नाही, असे बन्यन लिहितो. ते त्याने कळवायचा प्रयत्नही केला नाही. विषादाबद्दल लिहिणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने एवढी मर्यादा पाळली, तर पुष्कळ झाले.